पाणी आलं म्हणं

— न्हाई न्हाई, मोबाईल खिशातच ऱ्हाऊ द्या साहेब, हितं पीठ उडतं, आत जाऊन बसलं तर परत म्हणशीला सुलाबाईनं मुद्दाम केलं. आधी बसा तर. त्या पोत्यावर बसा — गव्हाचं हाय, झाडलं की जातं. बाजरीच्यावर नगा, तुमची प्यांट काळी हाय. लाईट गेलीया, चारला येती म्हणत्यात, तवर गिरणी बंद आन् आमची तोंडं चालू. दार? दार का लावू? गिरणीचं दार हाय साहेब, ह्ये दिवसा लागलं की लोकांला वाटतं सुलाबाई मेली. भायेर बसल्यात त्या दळणाच्या बायका, त्या काय खात न्हाईत तुमाला. आन् ऐकलं तर ऐकू द्या की. सांगलीच्या स्टुडिओत बसून तुमी रोज साताला अख्ख्या जिल्ह्याला ऐकवता, मंग ह्या सहा बायकांचं काय एवढं भ्या वाटतंय?

काय म्हणत व्हता — बदनामी. व्हय, माझ्यामुळं तुमची बदनामी झाली. त्ये मला मान्य हाय, थोडी झालीच आसंल. ती बघा, त्या लिंबाखाली, उजव्या हाताला पलास्तर हाय ती — ती विजयमाला. माझी शेजारीण, पंचवीस वर्सं भिंतीला भिंत. तिनंच माझा बोलतानाचा व्हिडिओ काढला आन् सोडला व्हाट्सॅपवर — ‘च्यानेलवाल्यांनी आमच्या सुलाक्काचा शब्द कापला.’ म्या काय तिला सोड म्हणलं नव्हतं. पर नगं बी म्हणलं नव्हतं. आन् त्यो फिरला की वो! जतला गेला, तासगावात गेला, मिरजंत माझ्या नणंदंच्या जावंनं बघितला. आता लोक तुमाला रस्त्यात गाठून इचारत्यात म्हणं, ‘साहेब, म्हणं कुटं ठिवलासा?’ हसू नगं का येऊ मला? येतंच. एवढासा शब्द, आन् एवढा मोठा माणूस हितं कवठे महांकाळच्या वस्तीवर माझ्या पोत्यावर यिऊन बसलाय.

तुमी शिकल्याली माणसं, तुमाला त्या शब्दाचं काय? आमाला हाय. आमी ‘पाणी आलं’ म्हणलं की पाणी आलं, घागर भरली, विषय मिटला. आन् ‘पाणी आलं म्हणं’ म्हणलं की — कुणीतरी सांगितलं, आमी काय डोळ्यानं बघितलं न्हाई, आलं आसंल, नसंल बी. जावई सुधारला — म्हणं. पोरगी सासरी सुखात हाय — म्हणं. सगळा जीव त्या शेपटात आस्तो साहेब. शेपूट मोडलं की इचवाचा खेकडा हुतो, खावा खुशाल! तुमी त्ये शेपूट मोडून लोकांच्या ताटात वाढलंत.

न्हाई, आता माझं ऐका, तुमी रोज बोलता. त्या दिशी आमदार आल्ते. शिमगा होऊन चार दिस झाल्ते. शाळंमागं नवी टाकी, तिला झेंडूच्या माळा, त्येंनी नळ सोडला, धो धो पाणी पडलं, टाळ्या झाल्या. तुमी क्यामेरा घिऊन त्येंच्या मागंच. नारळ फुटला, गाड्या गेल्या, आन् तुमी तेवढं म्हागं राहिलासा. हितं आला. ह्याच दारात हुबं राहून पाणी मागितलंसा, म्या तांब्या भरून दिला — ट्यांकरचं व्हतं त्ये, आता सांगते. आन् इचारलं, मावशी, वस्तीवर पाणी आलं का? म्या म्हणलं, पाणी आलं म्हणं. झालं. मंग साताला तुमची ती चर्चा, म्या मागनं मोबाईलवर बघितली. चार जण चौकोनात बसवल्याली, चारी एकदम वरडत्यात, आन् मधी तुमी, मांडवातल्या म्हाताऱ्यावानी. ती दुसऱ्या पार्टीची बाई सांगत व्हती, पाणी आलं न्हाई वो, टाकी ट्यांकरनं भरली व्हती. तुमी हात वर केला — आसा — आन् म्हणलासा, ‘मॅडम, तुमी एसीत बसून बोलताय, ही ऐका मातीतली बाई.’ आन् मला लावली. ‘पाणी आलं. लय बरं झालं.’ परत लावली. तिसऱ्यांदा लावली. वर म्हणलासा, ‘एका गिरणीवालीला खोटं ठरवता? तिचा काय स्वार्थ हाय?’ त्या बाईचं तोंड एवढंसं झालं साहेब. खरं बोलत व्हती ती, आन् तुमी माझं तोंड तिच्या तोंडावर फेकून मारलंसा.

पुढचं ठावं हाय का? कसं आसंल, तुमाला दुसऱ्या दिशी दुसरा इषय. आठ दिसांत ट्यांकर बंद. बारा बायका गेलो आमी तालुक्याला. तिथल्या साहेबानं काय केलं — फायल न्हाई काढली, कागद न्हाई काढला. मोबाईल काढला. आन् मला मलाच दाखवली. ‘ही बाई तुमीच का?’ म्या म्हणलं, व्हय. ‘मंग पाणी आलंय की. ट्यांकर कशाला?’ अकरा बायकांनी माझ्याकडं बघितलं. काय सांगू, एखादीनं शिवी दिली आस्ती तर बरं वाटलं आस्तं. येताना यस्टीत माझ्या शेजारची शीट मोकळी राहिली, बाकीच्या हुब्या राहिल्या. मंग वड्यापल्याडच्या हिरीवनं पाणी. पायऱ्या झिजल्याल्या, शेवाळ. तिसऱ्या दिशी विजयमाला घसरली, मनगाट मोडलं. पलास्तर बघितलं न्हवं? त्यावर पोरांनी नावं काढल्यात, तुमचं बी काढाय पायजे व्हतं.

मंग ती दोन आठवडं गिरणीत न्हाई आली. डाव्या हातानं डबा उचलून कवठ्याला पाठवायची दळण, माझ्या दारावनं. तवा म्या सांगितलं तिला. म्हणलं विजे, म्या ‘म्हणं’ म्हणली व्हती गं, त्येंनी कापलं. तिनं लगीच इश्वास ठिवला. लगीच! डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणली, मला वाटलंच आक्का, तू आसं कसं बोलशील. आन् त्याच पावली मोबाईल काढून माझा त्यो व्हिडिओ केला. परत यायला लागली, सगळ्याच यायला लागल्या. आज बी बघा, नंबर लावून बसल्यात.

काय? काय हाय तुमच्याकडं?

न कापल्यालं? म्हंजी — सगळं? क्यामेरा चालू केल्यापास्नं?

बरं. तर तुमी म्हणताय, त्यात म्या ‘म्हणं’ म्हणलंच न्हाई. कापाय काय नव्हतंच. आन् त्ये तुमी आज साताला लावणार. ‘सुलाबाईचा खोटारडेपणा.’ आन् लावायचं नसंल तर? — आवाज कशाला बारीक करता, मघाशी तर चांगला दणदणीत व्हता — तर म्या आत्ता तुमच्या म्होरं बोलायचं की मला त्या दुसऱ्या पार्टीवाल्यांनी शिकिवलं. हां. म्हंजी त्या बाईला परत एकदा हाणायचं, माझ्याच तोंडानं. ब्येस हाय की. आन् आमदारांला ठावं हाय का तुमी हितं आल्याचं? न्हाई? आमदारांचा काय संबंध न्हाई? न्हाईच आसंल, तुमच्या गाडीत म्होरच्या शिटावर त्येंचा पीए घोरतोय तेवढाच संबंध.

साहेब, मशिनीत काय बी करता येतं, आवाज काढता येतो, घालता येतो, आमची नातवंडं बी करत्यात — आसं म्या म्हणू शकते. भायेरच्या सहा जणी माझ्या बाजूनं हुब्या ऱ्हातील. विजयमाला पयली ऱ्हाईल, मोडक्या हातानं ऱ्हाईल. तुमची क्लिप एकीकडं आन् सुलाक्काचा शब्द एकीकडं. म्हणू का तसं?

आमचं मालक सिग्नलमधी व्हते. फौजंत, सतरा वर्सं. त्येंचं एकच — निरोप जसा आला तसाच म्होरं द्यायचा, आन् घेणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचा, शेवटच्या शब्दासकट. एक शब्द गळला की अख्खी तुकडी भलत्या डोंगरावर. त्येंनी त्यो विजयमालेचा व्हिडिओ बघितला, चष्मा काढला आन् मला इचारलं, ‘लीलाबाईची पोर ना तू? मंग खरं सांग. त्येनं गाळला का तू गाळलास?’ लीलाबाई माझी आई. म्या भाकरी थापत व्हती, थापतच राहिली. तवापास्नं माणूस माझ्याशी मोजकंच बोलतो. जेवाय वाढ. लाईट आली. एवढंच. खोटं सांगू नगं म्हणून सुदीक म्हणत न्हाईत, त्ये जास्त लागतं.

तवा न्हाई. न्हाई म्हणत तसं. विजे! ए विजयमाले, जरा हिकडं ये. दारात ये. तुमी बी या गं, संयोगिता, तू बी ये, दळणाला कुणी हात लावत न्हाई. साहेब, तुमी बसा, उठताय कुटं? दार उघडं ठिवलंय त्ये ह्याच्यासाठीच.

विजे, ‘म्हणं’ ह्येंनी कापला न्हाई. म्या गिळला.

पयल्या बारीला म्हणली व्हती. यमाईची आण, म्हणली व्हती. मंग ह्ये म्हणले, ‘मावशी, मस्त बोललासा, पर तेवढं म्हणं सोडून परत एकदा बोला, त्येनं संशय येतो.’ आन् म्या बोलले. का बोलले? म्हणाल भोळी, क्यामेरा बघून गडबडली — भोळी कसली डोंबलाची, सोळा वर्सं गिरणी चालवतीय, कोण बुरशी लागलेली जोंधळं तळाशी घालून आणतं त्ये डबा उचलल्याबरुबर कळतं मला. पर आधी ह्येंनी इचारलं, म्हायेर कुटलं मावशी? म्या म्हणलं, औंध. तर म्हणले, आवं माझं आजोळ औंध, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला, आमी एका गावचं झालो की! आता म्हायेरचं कुत्रं दारात आलं तरी बाई त्याला भाकरी घालती, ह्यो तर शर्टातला माणूस. न्हाई कसं म्हणू? — ह्ये झालं तुमाला सांगायचं. आन् खरं सांगायचं — डीपी. वस्तीच्या लाईटची डीपी जळाल्याली, अडीच म्हयनं ही गिरणी बंद, आठवतंय न्हवं? ह्येंनी फिरून बघितलं, चाक गंजल्यालं, म्हणले, ‘मावशी, डीपीचं मी आमदारांच्या कानावर घालतो, काळजी सोडा.’ आन् लगीच, त्याच दमात, ‘हां, तर म्हणं सोडून बोला.’ आन् मी म्हणलं मनात, डीपी आली तर सगळ्या वस्तीची लाईट येती, माझ्या एकटीची थोडीच? एका शब्दाला काय जातं? आठ दिसांत डीपी आली. त्याच आठ दिसांत ट्यांकर गेला. ज्या दिशी तू घसरलीस विजे, त्या दिशी म्या दिवसभर दळत व्हती. पट्ट्याच्या आवाजात तुझी पोरगी हाक मारत आल्याली बी ऐकू न्हाई आली मला.

थांब. आजून हाय. निम्मं सांगून थांबलं तर परत म्या ह्येंच्यासारखीच झाले. त्या दिशी सकाळी म्या शाळंत बाईंचा डबा तसाच परत द्याया गेल्ती, गिरणी बंदच व्हती न्हवं. टाकीच्या म्हागं ट्यांकर हुबा, नळी टाकीत सोडल्याली. ड्रायव्हर म्हणला, आक्का, उद्घाटनाच्या दोन खेपा हायत. म्या बघितलं व्हतं, ह्या डोळ्यानं. ‘म्हणं’ कवा म्हणायचं? ठावं नसंल तवा. मला ठावं व्हतं! म्हंजी पयल्या बारीला म्हणली त्ये बी खोटंच. ‘म्हणं’ ही माझी पळवाट व्हती, आन् ह्येंनी ती बी काढून घेतली, एवढंच झालं. आन् ती टीव्हीतली बाई, जिला म्या गप केली, ती मी बघितलेलंच सांगत व्हती.

झालं. बोलले. आता साहेब, तुमी. मोबाईल काढा.

काढा की, पीठ बसलं तर बसू द्या. मघाशी घाई व्हती तुमाला दाखवायची. ह्या बायकांम्होरं लावा ती न कापल्याली क्लिप, सगळी, क्यामेरा चालू केल्यापास्नं. त्यात माझी पयली बारी आसंल. आन् दोन्ही बारींच्या मधी एक आवाज आसंल बघा — बाईचा न्हवं, बाप्याचा — ‘तेवढं म्हणं सोडून बोला.’ त्यो लावा. मला ऐकायचाय. ‘आमचा क्यामेरा बंद व्हता त्या वक्ताला’ आसं म्हणू नगा, तांबडा दिवा म्या बघितलाय, त्याच्याकडं बघूनच पदर सारखा केला व्हता म्या. का वो? खिशात का चालला मोबाईल? मघाशी तर माझा खोटारडेपणा अख्ख्या जिल्ह्याला दावणार व्हता. दावा! म्या न्हाई म्हणत न्हाई. माझा सगळा दावा, पर त्यातलं तुमचं वगळून न्हाई.

हे बघा, गिरणीची एक रीत आस्ती. बाजरीवर गहू टाकला की पयली वंजळ भेसळीची निघती. ती गिऱ्हाइकाच्या डब्यात घालायची नस्ती. ती गिरणीवालीनं घ्यायची, तिच्या भाकरीत. सोळा वर्सं ती काळी भाकरी खातोय आमी, कुणाचा डबा खराब केला न्हाई. तशी ह्या खोट्याची पयली वंजळ म्या घेतली, आत्ता, शेजारणींच्या म्होरं, आन् लय कडू लागली. दुसरी तुमची. आन् तिसरी त्या गाडीतल्या पीएच्या धन्याची. त्येंनी कवा बी यावं, निवडणुकीला तर येणारच हायत हात जोडत, तवा पयल्यांदा इचारीन, साहेब, नळातनं ट्यांकर कसा काढला त्ये शिकवा आमाला. डीपी उचलून न्यायची तर न्या. व्हय गं, जाईल कदाचित, तुमच्या बी घरातला अंधार माझ्या नावावर लागंल, मला ठावं हाय. माळ्यावर जातं हाय, त्ये काढीन. पर ही गिरणी त्या शब्दावर म्या आता चालवणार न्हाई.

आज साताला मला बोलवा. त्या चौकोनात बसवा, त्या बाईच्या शेजारी. म्या म्हणीन, माझं नाव सुलाबाई लालासाहेब, म्या खोटं बोलले, ट्यांकर बघितला व्हता, ह्या बाईची माफी मागते. तीन वाक्यं. आन् तुमी तुमचं एक म्हणायचं — ‘त्यो शब्द म्या गाळाय लावला.’ एकच वाक्य, साहेब. त्याला ‘म्हणं’ लावायचं न्हाई, ‘कदाचित’ लावायचं न्हाई, ‘दोन्ही बाजू’ लावायच्या न्हाईत. जमंल? मालकांच्या रीतीनं परत म्हणून दावा बघू, म्या काय म्हणले. शेवटच्या शब्दासकट.

म्हणा की.

न्हाई? अर्धा अर्धा तास श्वास न घेता बोलणारा माणूस, आन् एका वाक्याला घसा कोरडा पडला? पाणी बी न्हाई दिऊ शकत म्या. हिरीवनं आणलंय, पुरवून वापराय लागतं.

आवं, कुटं निगालासा — निगा निगा. पायाखाली बघा, उंबरा हाय. पाठीला पीठ लागलंय तुमच्या, झाडू नगा, ऱ्हाऊ द्या, साताला दिसू द्या लोकांला कुटं जाऊन आला त्ये. आन् आजोळी गेलासा तर यमाईला सांगा, सुलाबाईनं इचारलंय. आजोळ आसंल तर.

…लाईट आली. बघा, चारला येती म्हणं आन् पावणेचारलाच आली.

विजे. काय बोल की गं. शिव्या दे. डबा उचलून जा कवठ्याला, म्या काय म्हणत न्हाई. आशी नगं बघूस. सरका गं तुमी, तिला वाट द्या.

आगं — ह्यो डबा कशाला म्होरं सारतीस? दळू? खरंच दळू? डाव्या हातानं नगं उचलूस, सोड, म्या घेते. जोंधळंच न्हवं? घालते, आधी पयली वंजळ माझी काढू दे. काय? पट्टा चालू झालाय, ऐकू येत न्हाई, मोठ्यानं बोल! ह्यो कोण गेला म्हणतीस? हसतीस व्हय गं सटवे, मोडक्या हाताची!

ह्यो व्हय? पत्रकार हाय — म्हणं.